मांजराचा खुबा

आमच्या वेंगुर्ल्यात मांजर कुणी 'पाळत' नाही. ते येतं आणि राहतं. गाय घेतली, बैल घेतला, हौसेने कुत्रा आणला असं लोक म्हणतात. मांजराबद्दल मात्र 'आमच्याकडे एक माजर आसा' एवढंच. मासळीवाली दारात आली की ते तिच्याआधी उंबऱ्यावर हजर, आणि बांगड्याची डोकी खाऊन झाली की पुन्हा माळ्यावर. ते कुणी विकत घेत नाही, कुणी विकत नाही, त्यामुळे त्याचा भावही कुणाला ठाऊक नाही. (शहरात पर्शियन मांजरं विकत मिळतात म्हणे, ती गोष्ट वेगळी.)

ही 'भाव नसण्याची' गोष्ट गेली दोन वर्षं माझ्या डोक्यात घोळते आहे. आमच्या मनीच्या खुब्याचं हाड मोडलं आणि त्यावर शस्त्रक्रिया करायचं ठरलं, तेव्हा पुण्याहून भाच्याने फोनवर विचारलं, "मावशी, मांजरावर एवढा खर्च?" विचारण्यात वाकडं काही नव्हतं. प्रश्न रास्तच होता. पण जन्मभर इतिहास शिकवलेल्या बाईला प्रश्न विचारला की ती उत्तर शोधत मागे मागे जात राहते! तशी मी गेले. जे हाती लागलं ते मांडते. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

सुरुवात कायद्यापासून करू. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत जनावराला मारणं किंवा जायबंदी करणं यासाठी ४२८ आणि ४२९ अशी दोन कलमं होती. पहिल्याची अट अशी की जनावर दहा रुपये किंवा त्याहून जास्त किमतीचं हवं. दुसऱ्यात शिक्षा जास्त होती, आणि त्यात हत्ती, उंट, घोडा, खेचर, म्हैस, बैल, गाय यांची नावं घेऊन म्हटलं होतं की यांची किंमत कितीही असो. बाकीच्या जनावरांना पन्नास रुपयांची अट. मांजराचं नाव कुठेच नाही. ज्याचा भावच ठरलेला नाही ते दहा रुपयांचं आहे हे सिद्ध कसं करायचं? १९६० साली प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध वेगळा कायदा झाला खरा, पण दंडसंहितेतली ही रुपयांची अट तशीच राहिली. १ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता लागू झाली तेव्हा तिच्या ३२५ व्या कलमातून ती गेली. आता तिथे 'कोणतंही जनावर' आहे. म्हणजे कायद्याच्या या दारातून आत यायला मांजराला १६४ वर्षं लागली.

वैद्यकाचा इतिहासही याच वाटेने जातो. आपल्याकडे शालिहोत्राचं नाव घोड्यांच्या वैद्यकाशी जोडलेलं आहे आणि पालकाप्याचं हत्तींच्या. दोन्ही जनावरं राजाच्या फौजेची. युरोपात पशुवैद्यकाची पहिली शाळा फ्रान्समधल्या ल्यों गावी १७६२ साली क्लोद बूर्जला यांनी उघडली. ते स्वतः घोड्यांचे जाणकार होते, आणि शाळेमागचं मोठं कारण होतं गुरांची साथ. पैसा कुठे बुडत होता, तिथे विद्या गेली. यात दोष देण्यासारखं काही नाही. शेतकऱ्याचा बैल गेला तर त्याचं वर्ष गेलं. मांजर गेलं तर दुसरं येतं.

आता मुंबईकडे येऊ. १८३२ साली तिथे भटक्या कुत्र्यांना मारण्याच्या सरकारी हुकुमावरून पारशी मंडळींनी मोठा दंगा केला होता. त्यानंतर दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने भुलेश्वरचा पांजरपोळ उभा राहिला. पण पांजरपोळ म्हणजे आसरा. तिथे जनावराला मरू देत नसत, ते बरं करण्याची विद्या मात्र अजून यायची होती. १८७४ साली मुंबईत प्राण्यांवरील क्रौर्याला आळा घालणारी संस्था निघाली. योगायोग पहा, त्याच वर्षी मुंबईच्या रस्त्यावर घोड्यांची ट्राम सुरू झाली होती. पुढे सर दिनशॉ माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळला जनावरांचं इस्पितळ झालं. त्याला त्यांच्या पत्नीचं, बाई साकरबाईंचं नाव आहे. त्याच आवारात १८८६ साली मुंबईचं पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं, आणि जॉन हेन्री स्टील हे पहिले प्राचार्य झाले. तेही मूळचे लष्करातले, म्हणजे पुन्हा घोडेच! ट्रामचे घोडे, व्हिक्टोरियाचे घोडे, खटाऱ्याचे बैल असा त्या काळच्या शहराचा सगळा भार जनावरांच्या पाठीवर होता.

मांजराची किंमत कुणालाच कळली नाही असं मात्र नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि तिथून मुलुखभर पसरला. त्या धामधुमीत अमरावतीकडे नोकरीला असलेले एक सरकारी डॉक्टर, लेफ्टनंट कर्नल अँड्र्यू ब्यूकॅनन, गावोगाव मांजरं मोजत हिंडले. ज्या गावात मांजरं भरपूर, तिथे प्लेग कमी, असं त्यांचं म्हणणं होतं. १९०८ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये त्यांनी ते मांडलं. (मांजरालाही प्लेग होतो हे आज माहीत आहे, त्यामुळे हा उपाय वाटतो तितका सरळ नाही.) माझ्या माहितीत आपल्याकडे मांजरांची शिरगणती कुणी आपुलकीने केली असेल तर ती या गृहस्थांनी. तीही उंदरांमुळे.

मग मांजर डॉक्टरांच्या टेबलावर आलं कसं? मला वाटतं, याचं उत्तर 'मोटार' हे आहे. मोटारी आल्या आणि युरोप-अमेरिकेतल्या शहरांतून घोडा नाहीसा झाला. घोड्यांवर पोट असलेल्या पशुवैद्यांना नवे रोगी शोधावे लागले, आणि ते घराघरात होतेच. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक हॉबडे यांचं कुत्र्या-मांजरांच्या शस्त्रक्रियेवरचं पुस्तक १९०० साली निघालं होतं. न्यूयॉर्कमध्ये लुई कॅम्युटी नावाच्या डॉक्टरांनी फक्त मांजरांसाठी घरोघर फिरून उपचार करण्यात हयात घालवली. १९५८ साली इंग्लंडात खास मांजरांच्या आजारांसाठी एक संस्था निघाली. ज्या मोटारीने घोड्याला दवाखान्याबाहेर काढलं, तिनेच मांजराला आत आणलं, आणि तेही दोन्ही अर्थांनी. कारण मांजराचा खुबा मोडतो तो बहुतेक वेळा वाहनाच्या धडकेनेच. आमच्या गल्लीत पूर्वी दिवसाला चार सायकली जात. आता डांबर गुळगुळीत झालं आहे, पोरांकडे मोटारसायकली आहेत, आणि वळणावर वेग कमी करायची पद्धत नाही.

मांजराचं काही बिघडत नाही, ते चार पायांवरच पडतं, ही समजूत जगभर आहे. त्यात तथ्यही आहे. १८९४ साली मारे या फ्रेंच शास्त्रज्ञाने पडणाऱ्या मांजराची एकामागून एक छायाचित्रं घेऊन ते हवेत कसं वळतं हे दाखवलं. १९८७ साली न्यूयॉर्कच्या दोन डॉक्टरांनी उंच इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांची माहिती प्रसिद्ध केली. उपचार मिळालेल्यांपैकी दहातली नऊ जगली होती. पशुवैद्यांमध्ये एक जुना विनोदही आहे, की मांजराच्या मोडलेल्या हाडाचे दोन्ही तुकडे एका खोलीत ठेवले तरी पुरे, ते आपले आपण जुळतात! आमच्या शेजारणीने हे असलं काही कधी वाचलेलं नाही. तरी ती हेच म्हणाली, "बाई, माजराच्या हाडाक काय एक होणा नाय. आपसूक जुळता." परळ काय, न्यूयॉर्क काय आणि वेंगुर्ला काय, अनुभव सारखाच.

पण खुबा या विनोदात बसत नाही. का, ते थोडं समजावून सांगते. माझ्या विद्यार्थ्यांना 'उखळीचा सांधा' आठवत असेल. मांडीच्या हाडाचं गोल डोकं कमरेच्या हाडातल्या वाटीत बसतं आणि सगळीकडे फिरतं. ही वाटी कमरेच्या तीन हाडांच्या संगमावर तयार होते आणि तिला आतून गुळगुळीत कूर्चेचं अस्तर असतं. नडगीचं हाड मोडलं आणि थोडं वाकडं जुळलं तरी जनावर चालतं. वाटी मोडली आणि केसभर पायरी राहून जुळली, तर प्रत्येक पावलागणिक ते डोकं त्या पायरीवर घासतं. हाड जुळतं, पण सांधा बिघडतो. काही महिन्यांनी संधिवात सुरू होतो. शिवाय खुब्याला बाहेरून आधार देता येत नाही. आपले हाडवैद्य बांबूच्या कामट्या लावून गुरांचे पाय बांधत. कामटी लावायची तर मोडीच्या वरचा आणि खालचा भाग दोन्ही धरावे लागतात. खुब्याच्या वर काय धरणार? प्लास्टरचीही तीच अडचण.

ही अडचण माणसाच्या बाबतीतही फार जुनी आहे. सुश्रुताने मोडलेल्या हाडांचं केवढं बारकाईने वर्गीकरण केलं आहे! पायाचं हाड मोडलेल्या रोग्याला फळीवर निजवून, बाजूला खुंट्या ठोकून हलू न देण्याची त्याची 'कपाटशयन' ही योजना आजही वाचताना नवल वाटतं. पण कमरेचं चपटं हाड फुटलं तर असा रोगी वैद्याने सोडून द्यावा, असं तोच सांगतो. जमेल ते करावं आणि जे जमत नाही ते जमत नाही म्हणावं, हा त्याचा सच्चेपणा मला फार आवडतो. त्यानंतर क्ष-किरण १८९५ साली सापडले, भूल आली, जंतुनाशकं आली, तरी माणसाच्या खुब्याची वाटी डॉक्टर मंडळी बरीच वर्षं वजन बांधून ताण देण्यावरच भागवत होती. पॅरिसच्या ज्यूदे आणि लतूर्नेल यांनी या मोडींचे प्रकार पाडून कुठली कुठून उघडायची हे १९६४ साली मांडलं, तिथून खरी वाट उघडली. म्हणजे माणसाची ही गत, तर मांजर मागे राहिलं यात नवल ते काय!

मांजरापर्यंत मात्र एक आडवाट आधीच पोचली होती. ऑक्सफर्डचे शल्यचिकित्सक गर्डलस्टोन यांनी क्षयाने सडलेल्या खुब्यासाठी १९२८ साली एक शस्त्रक्रिया सांगितली. मांडीच्या हाडाचं डोकं आणि मान कापून काढायची. सांधा गेला, पण दुखणंही गेलं. १९६१ साली स्प्रूल यांनी हीच शस्त्रक्रिया कुत्र्यांसाठी लिहिली, आणि पुढे ती मांजरांनाही होऊ लागली. माणूस सत्तर किलोंचा आणि दोन पायांवर, म्हणून त्याला हा तोडगा जड जातो. मांजर तीन-चार किलोंचं आणि चार पायांवर. उरलेल्या हाडांच्या मध्ये घट्ट तंतूंची गादी तयार होते, आजूबाजूचे स्नायू पाय पेलून धरतात, आणि त्या 'खोट्या सांध्यावर' मांजर भिंतीवर उड्या मारू लागतं. क्षयाच्या रोग्यासाठी काढलेली युक्ती मांजराला माणसापेक्षा जास्त मानवली!

दुसरी वाट सांधा वाचवण्याची. मांडीच्या हाडाचा वरचा उंचवटा स्नायूंसकट करवतीने सोडवून बाजूला करतात, म्हणजे वाटी दिसते. मागून पायाची मोठी नस जाते, तिला धक्का लागला तर पाय लुळा पडतो, म्हणून ती जपायची. मग वाटीचे तुकडे कूर्चेची रेषा जुळेपर्यंत एकमेकांना भिडवायचे, वर अगदी लहानशी धातूची पट्टी वाटीच्या बाकाप्रमाणे वळवून बसवायची, आणि दोन मिलिमीटरच्या आसपासच्या जाडीचे स्क्रू पिळायचे. पट्टी नीट बसत नसेल तर स्क्रू आणि तार घालून वर हाडाचं सिमेंट ओततात. हे काम घड्याळजीचं. ते शक्य झालं कारण १९५८ साली स्वित्झर्लंडमध्ये काही शल्यचिकित्सकांनी एकत्र येऊन हाडं पट्टी-स्क्रूने जोडण्याची शिस्तशीर पद्धत बसवली, आणि १९६९ पासून त्यांची पशुवैद्यकाची शाखाही झाली. भुलेचाही प्रश्न होता. १९६२ साली अमेरिकेत केटामीन तयार झालं, ते पुढे मांजरांच्या भुलेत फार उपयोगी पडलं.

आता या सगळ्यातली मला सर्वात महत्त्वाची वाटलेली गोष्ट. बरीच वर्षं मांजराला कुत्र्याचेच नियम लावत. कुत्र्याच्या वाटीत भार पुढच्या आणि मधल्या भागावर येतो असं शिकवत, त्यामुळे मागचा भाग मोडला तर 'राहू दे, जुळेल' म्हणत. (पुढे कुत्र्यांतही हे सोडून देणं महागात पडतं असं दिसलं.) २००५ साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी मांजराच्याच वाटीवर भार कुठे येतो ते मोजलं. तो निघाला मधल्या आणि मागच्या भागावर, पुढच्यावर नाही! म्हणजे जो भाग सोडून द्यायचा, तोच मांजराच्या कामाचा. मांजर म्हणजे लहान कुत्रा नव्हे, असं पशुवैद्य आता आपल्या विद्यार्थ्यांना बजावून सांगतात. वर्गात साठ मुलं असताना मधल्या बाकावरचं मूल पहिल्या बाकावरच्यासारखंच असेल असं धरून चालणारे शिक्षक मी पाहिले आहेत. ज्याच्याकडे कुणी वेगळं पाहिलंच नाही, त्याच्याबद्दलचं आपलं ज्ञान दुसऱ्याकडून उसनं आणलेलं असतं.

आमच्या मनीचं थोडक्यात सांगते. मोटारसायकलची धडक बसल्यावर ती मागचा डावा पाय ओढत घरी आली. इथल्या डॉक्टरांनी तपासून आधी छाती आणि लघवी ठीक आहे ना ते पाहिलं, दुखणं थांबवलं आणि क्ष-किरण काढायला गोव्याला पाठवलं. वाटीचे बारीक तुकडे झाले होते, पट्टीने जुळण्यासारखे नव्हते. म्हणून डोकं काढायचं ठरलं. शस्त्रक्रियेला तासापेक्षा फार जास्त वेळ लागला नाही. पट्टी बसवली असती तर चार-सहा आठवडे पिंजऱ्यात ठेवावं लागलं असतं. इथे उलट, जखम भरत आली की रोज चालायला लावा म्हणाले. मी तिच्यासमोर सुक्या बांगड्याचा तुकडा धरून ओसरीत मागे मागे सरकायची. दोन महिन्यांत ती पायरी चढली, चौथ्या महिन्यात कौलांवर. जवळून पाहिलं तर एक पाय किंचित आखूड वाटतो.

खर्च? माझ्या पेन्शनच्या एका महिन्यातला बराच मोठा भाग. ज्याच्या घरात तेवढे नाहीत त्याने काय करावं, हे सांगायचा मला अधिकार नाही. पिंजरा आणि विश्रांती यावरही पुष्कळ मांजरं चालू लागतात, विशेषतः मोड वाटीच्या बाहेर असेल तर. पण 'मांजरावर एवढा?' या प्रश्नातला 'मांजरावर' हा शब्द मला आता वेगळा ऐकू येतो. घोड्याला फौज होती, बैलाला शेत होतं, म्हणून त्यांचं वैद्यक आधी झालं. मांजराने घरातलं धान्य राखलं, बंदरातल्या वखारी राखल्या, जहाजांवरून देशोदेशी गेलं, पण त्याचं काम कुठल्या वहीत लिहिलं गेलं नाही. वहीत नाव नाही म्हणून भाव नाही, आणि भाव नाही म्हणून उपचार नाही, अशी ती साखळी होती. दुखणं मात्र त्याला घोड्याइतकंच होत असणार. २०२४ साली मुंबईत महालक्ष्मीला टाटा ट्रस्टने लहान प्राण्यांसाठी मोठं इस्पितळ सुरू केलं. परळच्या त्या पहिल्या इस्पितळापासून तिथवरचा रस्ता काही मैलांचाच, पण चालायला सुमारे १४० वर्षं लागली.

शेवटी थोडं उपयोगाचं. मांजर मागचा पाय ओढू लागलं तर मानेला धरून उचलू नका. फळी किंवा जाड तरट त्याच्याखाली सरकवून टोपलीत घ्या. लघवी होते की नाही यावर लक्ष ठेवा. पुढे काही आठवड्यांनी ते शी करताना कुंथू लागलं तर डॉक्टरांना जरूर सांगा, कारण कमरेचं हाड आत दबून वाट अरुंद झालेली असू शकते. शस्त्रक्रिया करायची तर निर्णय पहिल्या काही दिवसांत घ्यावा लागतो, उशीर झाला की स्नायू आखडतात आणि तुकडे जागेवर आणणं कठीण होतं. आणि सर्वात महत्त्वाचं, घरातली पॅरासिटामॉलची गोळी दयेपोटीसुद्धा देऊ नका. आपलं यकृत ती पचवतं, मांजराचं पचवू शकत नाही, एका गोळीनेही ते मरू शकतं. दुखतं आहे हे मांजर ओरडून सांगत नाही. ते कोपऱ्यात जाऊन गप्प बसतं.

असो. फार लांबलं. तुमच्या गावी गुरांची हाडं बसवणारे वैद्य असतील, तर घरातल्या जुन्या माणसांना एक विचारून पहा. त्यांच्याकडे कुणी कधी मांजर घेऊन गेलं होतं का? उत्तर काहीही असो, मला जरूर कळवा.